जावईबापूंच्या चतुःसीमा

दिपाली बाळंतपणाला मुकुटबनला माहेरी गेली, तेव्हा ढाणकीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात माणसंच राहत होती. तिच्या नवऱ्याच्या, नयनच्या बकऱ्या गावाबाहेर एका भाड्याच्या मोकळ्या जागेत असत. मग जागेच्या मालकाला तिथं मंगल कार्यालय बांधायची बुद्धी झाली आणि नयननं बकऱ्या तात्पुरत्या घरात आणल्या. तात्पुरत्या, हा शब्द त्यानं बकऱ्यांना नीट समजावून सांगितला नसावा. त्यांनी आधी पलंग घेतला, मग स्वयंपाकघर घेतलं आणि मास्तरीण नावाची जी सगळ्यांत म्हातारी बकरी होती, ती फ्रिजवर चढून बसली. तिथून ती सगळ्यांवर लक्ष ठेवायची. नयनवरही.

दिपालीला मुलगी झाली. सव्वा महिना उलटला. घरातली बातमी कुणीतरी मुकुटबनपर्यंत पोचवली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण बातमीला काय, तिला एसटी बदलावी लागत नाही.

"मले फक्त एवढं सांगा," दिपाली फोनवर म्हणाली, "त्या घरात बकऱ्या राहतीन का मायी पोरगी? इचार करून सांगा, घाई नाही. रविवारी बाबा गाडी करून राह्यले."

तेव्हापासून नयनला एका जागी बसवेना. तशी घरात बसायला जागाही नव्हती, पण असती तरी तो बसला नसता. तो उभ्यानं जेवायचा, उभ्यानं फोन बघायचा, आणि दाराबाहेर कुणाची गाडी थांबली की खिडकीत जाऊन बघायचा.

वावर त्यानं बघून ठेवलं होतं. भगवानराव आणि बेबीताई या म्हाताऱ्या जोडप्याचं, गावापासून जवळच. त्यांचा मुलगा अक्षय नागपूरला नोकरीला, तो काही परत येऊन तुरी पेरणार नव्हता. म्हणून त्यांनी अर्धं वावर स्वतःला ठेवून लागूनचे दोन एकर विकायला काढले होते. बाकी सगळी जमीन काळी, चिबड. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. अशा जमिनीत बकऱ्यांचे खूर सडतात. पण या दोन एकरांच्या मधोमध मुरमाचा एक उंचवटा होता, त्यावर निंबाचं झाड. भर श्रावणात नयन बघून आला, तेव्हा चौफेर चिखल आणि उंचवटा कोरडा ठणठणीत. खरं म्हणजे त्यानं वावर पसंत केलंच नव्हतं, उंचवटा पसंत केला होता. बाकीचं वावर त्याच्यासोबत येत होतं, नवरीसोबत साळे येतात तसं.

त्या दिवशी निंबाखाली एक पांढरा सांड बसलेला होता. नयनला तो गावात दारोदार हिंडताना दिसायचा, पण इथं बघून वाटलं, ज्याचं वावर त्याचं ढोर. वावर विकलं की जाईल मालकामागं. एवढी एकच चूक त्यानं केली, पण निवांत बसलेल्या सांडाकडं बघून कुणीही केली असती.

मंगळवारी उमरखेडला रामधनच्या दुकानात खरेदीखताचा मसुदा वाचायला सगळे जमले. नोंदणी गुरुवारी होती. रामधन दस्त लिहून देण्याचं काम करायचा आणि मसुदा वाचताना त्याचा आवाज आपोआप देवळातला व्हायचा.

"सदर मिळकतीतील निंबाच्या झाडाखालील उंचवट्यावर," तो वाचत गेला, "महादेवाला सोडलेला सांड, नामे जावई, वय अंदाजे पंधरा, धंदा काही नाही, यास व त्याचे वालीवारस यांना बसण्याउठण्यास, लिहून घेणार व त्याचे वालीवारस हे कोणत्याही प्रकारे हरकत, अडथळा वा अटकाव करणार नाहीत."



"रामधनभाऊ," नयन म्हणाला, "धंदा काही नाही, हे काहून लिहिलं?"

"मंग काय लिहू? नौकरी?"

"अन् सांडाचे वालीवारस?"

"ते मी नाही लिहिलं. माया कम्प्यूटरात कोनाचंबी नाव टाकलं की मागं वालीवारस येतेच. ते तसंच बसवेल हाये." रामधन जरा घुटमळला. "काढू का?"

"काढू नको," बेबीताई म्हणाल्या. त्या पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. "सांडाची अट मीच सांगतली होती. वारसाचं मले सुचलं नव्हतं. पण देवानंच याच्या मशिनीतून सुचवलं. राहू दे."

मग त्यांनी नयनला सगळं सांगितलं. भगवानराव एकदा विहिरीत पडले होते. लोक दोर शोधत असताना बेबीताईंनी काठावरून नवस बोलला, की माणूस जित्ता वर आला तर घरचा गोऱ्हा महादेवाला सोडीन आणि तो सुटल्यावर जिथं पहिल्यांदा बसेल ती जागा त्याची. माणूस वर आला. गोऱ्हा सोडला. त्याच्यापुढं अख्खी दुनिया मोकळी होती. तो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन पावलं गेला आणि यांच्याच वावरात, त्या उंचवट्यावर, निंबाखाली बसला. मन झालं की गाव हिंडतो, कुणाच्याही दारात उभा राहतो, वाढलं नाही तर रुसतो, आणि त्याला कुणी काही बोलू शकत नाही. म्हणून गावानं नाव ठेवलं जावई. तोंडावर जावईबापू.

"काका, तुमाले पटते का हे?" नयननं भगवानरावांना विचारलं.

"हो," भगवानराव म्हणाले. विहिरीतून निघाल्यापासून ते बहुतेक गोष्टींना हो म्हणत.

नयन बाहेर आला तेव्हा त्याला हसू येत होतं. बसस्थानकापर्यंत चालत गेला तोवर ते हसू संपलं होतं. कारण फाटकाशी एक कालवड उभी होती, पांढरी, डावं शिंग खाली वळलेलं. जावईबापूंचं डावं शिंग अस्संच होतं. केळ्याच्या गाडीजवळ एक गोऱ्हा, डावं शिंग खाली. रस्त्याच्या मधोमध, वाहतूक अडवून, तिघं भावंडं बसलेली, तिघांचीही डावी शिंगं खाली. ढाणकीपासून उमरखेडपर्यंत कुणाची गाय माजावर आली की लोक तिला जावईबापूंकडंच नेत, फुकटात काम व्हायचं. दहा-बारा वर्षं झाली नेत होते. नयनच्या डोळ्यांसमोर ती सगळी प्रजा रांगेनं आपल्या उंचवट्याकडं निघाली. प्रत्येकाच्या गळ्यात दस्ताची प्रत. आणि बकऱ्या आपल्या फ्रिजवर.

तो तसाच वकील मोनालीकडं गेला. मोनाली ढाणकीचीच, शाळेत त्याच्या मागं होती. झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं, जिना इतका अरुंद की पक्षकार वर पोचेपर्यंत निम्मा नरम पडायचा. तिनं मसुदा वाचला. सांडाच्या धंद्यापाशी एकदा थांबली, पण चेहरा हलू दिला नाही. शिकलेली होती.

"हसून राह्यली का तू?" नयननं विचारलं.

"नाही. बस न, नयनदादा."

"बसवत नाही. उभ्यानंच सांग. हे कागदावर चालते का? सांडाचा कुठं हक्क असते काय?"

"सांडाचा नसते. सांड कोर्टात जाऊ शकत नाही. पण बेबीकाकू जाऊ शकतात." तिनं पेन घेऊन मसुद्याच्या पाठीवर दोन चौकोन काढले. "हे पाय. हे तू घेतलेलं वावर, हे त्यांनी ठेवलेलं. एखाद्यानं वावर पुरं विकलं, अन् मंग म्हणलं की इथं अमुक करू नको, तमुक करू नको, त सहसा कोर्ट म्हणते, तू विकलं ना, आता गप बस. पण विकणाऱ्यानं लागूनचं वावर स्वतःकडं ठेवलं असन, अन् ती अट त्या वावराच्या फायद्याची असन, त गोष्ट वेगळी. मंग अट चिकटते. तुले चिकटते. उद्या तू कोनाले विकलं, अन् त्याले अट माहीत असली, त त्यालेबी."

"सांड बसला त त्यांच्या वावराले काय फायदा?"

"त्याले उठवलं त तो कुठं जाईन?"

नयननं दोन चौकोनांकडं बघितलं. "त्यांच्या तुरीत."

"झालं. फायद्याची हाये. मी त्यांची वकील असते त हेच म्हणलं असतं, अन् जिंकली असती का नाही ते माहीत नाही, पण तुयी पोरगी कॉलेजात जाईपर्यंत केस चालली असती."

नयन खिडकीपाशी गेला, दारापाशी गेला, परत खिडकीपाशी आला. खाली रस्त्यावर डावं शिंग खाली असलेलं कुणीतरी कोबी खात होतं.

"दुसरं वावर पाय," मोनाली म्हणाली.

"रविवारी दिपाली येते."

"मंग अट काढायच्या मागं नको लागू, काकू ऐकणार नाही. अट मोजून घे. दोनच गोष्टी. किती जागा, अन् कितीक वर्षं. आता लिहिलं हाये उंचवटा, म्हणजे पुरा उंचवटा. सांड काय पुऱ्या उंचवट्यावर बसते? जेवढ्यावर बसते तेवढीच लिहा, चतुःसीमा टाकून. अन् मुदत टाक. भगवानकाकांच्या हयातीपर्यंत, असं काही. नवस त्यांच्याचसाठी होता ना?"

"हे मी काकूले सांगू? काका मरेपर्यंत, म्हणून?"

"मी सांगितलं त फी लागते," मोनाली म्हणाली.

बुधवारी सकाळी नयन चुन्याचा डबा घेऊन वावरात हजर झाला. बेबीताई भाकरी घेऊन आल्या, भगवानराव पाण्याची बाटली घेऊन. जावईबापू आधीच येऊन बसले होते, निंबाच्या पश्चिमेला, सावलीत. नयननं त्यांच्याभोवती चुना टाकायला सुरुवात केली. जावईबापूंनी एक डोळा उघडला. बेबीताईंनी त्यांच्या तोंडात भाकरी दिली, तेवढ्यात नयननं मागची बाजू उरकली. बसलेल्या सांडाभोवती एक पांढरी गोल रेघ उमटली. खुनाच्या तपासात काढतात तशी, फक्त यातला मेलेला माणूस रवंथ करत होता.

"झालं," नयन म्हणाला. "एवढीच जागा. पाहून घ्या, काकू."

जावईबापू उठले. अंग झटकलं, रेघ ओलांडली, झाडाच्या उत्तरेला गेले आणि तिथं बसले. सावली सरकली होती.

नयननं परत चुना टाकला. दुपार कलली तशी सावली पूर्वेला वळली, जावईबापूही वळले, चुनाही वळला. डबा अर्धा झाला. नयनच्या शर्टावर, भुवयांवर, भाकरीवर चुना होता. संध्याकाळी तो धुऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला नीट दिसलं. पश्चिमेपासून उत्तरेवरून पूर्वेपर्यंत पांढरी कमान झाली होती, आणि निंबाच्या दक्षिणेला उंचवट्याची अख्खी अर्धी बाजू कोरी पडली होती. तिथं सावलीच पडत नव्हती, मग सांड कशाला बसेल? आणि बकऱ्यांना तर तो टिनाचं छप्पर घालणारच होता.

"काकू!" तो ओरडला. "त्याची दक्षिण सीमा निंबाचं खोड. खोडाच्या अलीकडलं त्याचं, पलीकडलं माया बकऱ्यांचं!"

बेबीताईंनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. "जेष्ठात सूर्य पार डोक्यावरून जाते. तवा सावली इकडंबी पडते थोडी."

"जेष्ठात त्यानं माया गोठ्याच्या सावलीत बसावं. मी हरकत, अडथळा, अटकाव काही करत नाही."

"हे कागदावर लिहिशीन?"

"लिहितो."

"मंग जागेचं मान्य," बेबीताई म्हणाल्या.

आता दुसरी गोष्ट उरली. नयन झाडाभोवती फिरू लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली. जावईबापूंची मान त्याच्यासोबत फिरत होती.

"कायले घाण्याच्या बैलावानी फिरून राह्यला?" बेबीताईंनी विचारलं.

"काकू, ते वालीवारस काढू आपण. हा गेल्यावर गावातले सगळे ढोरं हक्क सांगतीन मले."

"नाही."

"पण काहून? नवस याचा होता. वारसाचा नव्हता."

बेबीताईंनी उरलेली भाकरी सांडाला देऊन टाकली. मग नवऱ्याकडं बघितलं. भगवानराव जरा दूर, धुऱ्यावर बसून बाटलीनं पाणी पीत होते.

"हा म्हातारा झाला," त्या हळू म्हणाल्या. "दात गेले त्याचे, भाकर भिजवून आणतो मी. याच्या बदल्यात हे वर आले होते विहिरीतून. हा गेला अन् जागा खाली राह्यली, मंग?" त्या पदरानं हात पुसत राहिल्या. "मशिनीतून वारस निघाले तवा मले झोप लागली, नयन. बऱ्याच दिवसांनी."

नयनची फेरी थांबली. एवढा वेळ तो ज्या अटीशी भांडत होता ती सांडाची नव्हतीच. पण रविवार सांडाचा नव्हता की बेबीताईंचा, तो दिपालीचा होता. 

"मंग वारस ठेवू. पण एकच. तुमी सोडसान तो. कोनीबी उठून आला तो नाही. अन्..." तो खोडाकडं बघून बोलू लागला, माणसांकडं बघवेना. "अन् मुदत टाकू. म्हणजे ज्याच्यासाठी नवस होता, ते जवरीक... म्हणजे काका हयात असेपर्यंत. त्याच्यानंतर त तशी... गरज..."

"बोल ना. थांबला काहून?"

"झालं बोलून."

"म्हणजे हे गेले की तुयी जागा मोकळी!" बेबीताईंचा आवाज चढला. "म्हणजे तू रोज सकाळी उठून पाहशीन, म्हातारा हाये का गेला! वा रे गोष्ट! माया नवऱ्याच्या मरणावर बकऱ्या बांधतं काय रे?"

"लिहा," भगवानराव म्हणाले.

दोघंही वळले. भगवानरावांनी हो सोडून दुसरा शब्द काढला होता.

"काय लिहा?" बेबीताई म्हणाल्या.

"हा म्हणते ते. मी जिंदा असेपर्यंत." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "अक्षय महिन्यातून एकडाव फोन करते, अन् बोलाले लागलं की त्याची चार्जिंग सरते. हा त रोज येईन."

"अहो, हा तुमी मेले का ते पाह्याले येईन!"

"कायच्यासाठी का येईना," भगवानराव म्हणाले. "येईन त सही."

 बेबीताईंनी उत्तर जावईबापूंच्या डोळ्यांत शोधलं, तिथं काही नव्हतं. मग पिशवी उचलून त्या तरातरा घराकडं निघाल्या, आणि धुऱ्यावरून ओरडल्या, "वारस मीच निवडीन!"

गुरुवारी दस्त नोंदला गेला. रामधननं सांडाच्या चतुःसीमा घातल्या, पूर्वेस सावलीची हद्द, पश्चिमेस सावलीची हद्द, उत्तरेस सावलीची हद्द, दक्षिणेस निंबाचं खोड, आणि खाली ज्येष्ठ महिन्याची सवलत, एकच वारस आणि भगवानरावांच्या हयातीची मुदत. नोंदणीच्या साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "अटी वाचल्या? समजल्या?" नयन म्हणाला, "समजल्या." साहेबांनी पान उलटलं, चष्मा काढला, परत लावला, आणि नयनच्या बोटाचा ठसा घेतला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असावेत.

शनिवारपर्यंत दक्षिण बाजूला लाकडी बल्ल्या आणि टिनं उभी राहिली. बकऱ्या टेम्पोनं गेल्या. मास्तरीण तेवढी फ्रिजवरून उतरेना. शेवटी फ्रिज टेम्पोत ठेवला, ती तिथं उतरली, मग फ्रिज परत आणला. नयननं घर तीनदा फिनाईलनं धुतलं, तरी तो कोपरे हुंगत फिरत राहिला.

रविवारी दिपाली आली. पोरगी कडेवर घेऊन दोन्ही खोल्या फिरली, पलंगाखाली वाकून पाहिलं, फ्रिजच्या वरून बोट फिरवलं. मग पोरीला पलंगाच्या मधोमध झोपवलं.

"वावर पक्कं आपलं ना?" तिनं विचारलं. "काही भानगड त नाही त्यात?"

"भानगड नाही. एक अट हाये."

"कोणती?"

नयननं तिला अट सांगितली. ती ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला, आणि मुदतीपाशी आल्यावर स्थिर झाला.

"म्हणजे कोनीतरी मेल्यावर आपलं भलं होईन, असं लिहून देलं तुमी?"

"तसं नाही ते."

"मंग कसं हाये?"

नयन फिनाईलची बाटली उचलून ठेवायला गेला. पोरगी झोपली, दिपाली झोपली, घरात बकरीचा वाससुद्धा नव्हता, आणि तरी त्याची कूस बदलणं थांबेना.

सोमवारी सकाळी तो बकऱ्यांकडं निघाला. भगवानरावांचं घर वाटेवरच होतं. नजर न टाकता पुढं जायचं, असं त्यानं कोपऱ्यापर्यंत ठरवलेलं होतं. कोपऱ्यावर आपोआप मान वळली. भगवानराव ओट्यावर बसले होते. आंघोळ झालेली, डोक्याला तेल लावलेलं, धुतलेला सदरा. समोर चहाच्या दोन कपबशा, एकीवर बशी झाकलेली.

"आला का बाप्पा?" ते म्हणाले. "हावो, हाये अजून."

नयनला आतून काहीतरी वाटलं. ते बरं वाटणं होतं की वाईट, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो चहाच्या कपावरची बशी काढायला लागला. आतून बेबीताई दारात येऊन, हाताची घडी घालून, त्याच्या चेहऱ्याकडं बारीक नजरेनं पाहत उभ्या राहिल्या.

"बस न," भगवानराव म्हणाले.

नयन बसला. भगवानरावांनी कप त्याच्यापुढं सरकवला.

"उद्यापासून जरा लवकर येत जा. चहा थंडा होते."